आत्याने दिलेला कंद रानआलं की रानहळद? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरचे. ओलसर सावली, कुजलेल्या पाल्याचा थर, असली चैन आमच्याकडे नाही. गेल्या वर्षी गणपतीला चिपळूणला आत्याकडे गेलो होतो. परसामागच्या व्हाळाकाठी, फणसाच्या गच्च सावलीत हे नुसतं माजलं होतं. "रानआलं असेल, ने एक कांडं," आत्या म्हणाली. आणून कडुलिंबाखाली कुंडीत लावलं. दिवाळीनंतर सगळी पानं वाळून गेली. मेलं म्हणून सोडून दिलं. ४२ अंशांच्या उन्हाळ्यात कुंडी कोपऱ्यात तशीच पडून होती. रिकामी करायचा आळस केला तेच बरं झालं, मृगाच्या दुसऱ्या पावसाला चार कोंब!

आता कमरेएवढं झालंय. सरळ दांडा, पानं दोन बाजूंना आलटूनपालटून. चुरगळली की वास येतो, पण घरच्या आल्याइतका झणझणीत नाही. लावताना मोडलेला कंद आतून फिकट पिवळा होता. बायको म्हणते कर्दळ, शेजारचे काका म्हणतात पेव, मला रानहळद वाटते. फूल अजून नाही. चहात घालायला मन धजत नाही. ओळखायचं कशावरून?

प्रतिसाद १

वास येतो म्हणजे कर्दळ बाद. पेवही नाही. पेवाची पानं दांड्याभोवती गोल जिन्यासारखी चढतात, शेंड्याला लालसर कणसातून पांढरी फुलं येतात. रानहळदीला असा पानांच्या दोन ओळींचा दांडा नसतो. लांब देठांची पानं जमिनीतूनच झुबक्याने वर येतात. तुमचं वर्णन आल्याच्याच घरचं.

पण सह्याद्रीत रानआल्याच्या जाती बऱ्याच आहेत, नुसत्या पानांवरून नेमकी जात सांगणं कठीण. पान दांड्याला जिथे बिलगतं तिथे जिभेसारखा पापुद्रा असतो, त्याचा जवळून फोटो टाका. आणि फूल शेंड्याला शोधत बसू नका, बुडाशी बघा. पुष्कळ जातींत कणीस वेगळ्या आखूड देठावर जमिनीलगतच येतं.

चहाचं राहू दे. कळलावीचा विषारी कंदही पावसाळ्यातच फुटतो. तिच्या पानांची टोकं वेलाच्या तणाव्यासारखी वळतात, त्यामुळे तुमची ती नाही. तरी जात कळेपर्यंत तोंडात काही नको.

मूळ लेखक

वाळका पाला उचलला, तर कुंडीच्या कडेला बोटभर कणीस! रोज नेमकं त्यावरच पाणी ओतत होतो. आवरणं हिरवट, कडा तांबूस. दोन्ही फोटो टाकतोय, आता जात सांगा. बायको अजून कर्दळीवरच अडून आहे.