ट्रेलो जमत नाही त्यानं बाजूला व्हायचं, तर पाण्यात कोण उतरणार?

रंकाळाकाठ
आपल्या कोल्हापूरच्या पूर-मदत ग्रुपवर परवा एकानं लिहिलंय, "कामं व्हॉट्सॲपवर वाटणं बंद करा. सगळ्यांनी ट्रेलोवर या. ज्यांना जमत नाही त्यांनी बाजूला व्हावं." ट्रेलो म्हणजे कामांची कार्डं लावायचं ॲप. वाचलं आणि डोकंच फिरलं. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथं लिहितोय.

बाजूला कुणी व्हायचं? पाणी वाढायला लागलं की सुतारवाड्यात पहिल्यांदा कोण पोचतं, हे सगळ्यांना माहितीय. तालमीतली माणसं, रिटायर झालेले एसटीचे दोन ड्रायव्हर, आणि दीडशे माणसांचा भात शिजवणाऱ्या आमच्या काकी. या तिघांपैकी कुणीही ट्रेलोवर खातं काढणार नाही. काढलं तरी आतलं सगळं इंग्रजीत.

दुसरं म्हणजे, फुकट म्हणून जे सुचवलंय त्याची अट तरी वाचायची. २०२४ पासून ट्रेलोच्या फुकट वर्कस्पेसमध्ये १० च माणसं बसतात. आपण तिसाच्या वर आहोत. पैसे भरायचे तर माणशी, महिन्याला. ते कुठल्या वर्गणीतनं द्यायचे?

माझं म्हणणं सरळ आहे. एक गुगल शीट करा. काम काय, कुठं, कुणी घेतलं, कधीपर्यंत, झालं का. पाच रकाने, मराठीत. लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करा. पिन ३० दिवस राहतं, संपलं की परत करायचं.

हिंजवडीतला कोल्हापुरी
ते मीच लिहिलंय. का लिहिलं ते पण ऐका.

२०२१ च्या पुरात निवारा केंद्रातल्या एका आजींना इन्शुलिन हवं होतं. दुपारी मेसेज पडला. सहा जणांनी खाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं. प्रत्येकाला वाटलं दुसरा चाललाय. संध्याकाळी आजींच्या मुलाचा फोन आला तेव्हा कळलं की कुणीच गेलं नाही. मधल्या वेळात त्या ग्रुपवर पाण्याचे व्हिडिओ, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, "कुणाकडे टँकरचा नंबर आहे का", असलं सगळं येऊन तो मेसेज कुठल्या कुठं गेला होता. त्या दिवशी मी ठरवलं, कामाला एकच नाव पाहिजे. ट्रेलोच्या कार्डावर ते दिसतं, आणि तारीख उलटली की लाल होतं.

दहाचं म्हणाल तर गल्लीप्रमुख आठच आहेत. तेवढेच आत घ्या. बाकीच्यांना त्यांनी फोन करावा.

रंकाळाकाठ
म्हणजे बाकीच्या वीस-बावीस जणांनी फोनची वाट बघत बसायचं. मग हे सगळ्यांचं कसं?

शिवाजी पेठेतले आबा
पोरांनो, २०१९ ला पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेलं. लाईट नाही, नळाला पाणी नाही, हायवे शिरोलीला बंद. फोन चार्ज करायला जनरेटरपाशी रांग. तेव्हा तुमचं शीट आणि कार्ड कुठं उघडणार होतं? आमच्या तालमीत फळा होता. खडूनं काम लिहायचं, पुढं नाव, काम करून आला की स्वतःच्या हातानं पुसायचं. दुसऱ्यानं पुसायचं नाही, हा नियम. एवढ्यावर आम्ही चिखलीची जनावरं सोनतळीला जाईपर्यंत चाऱ्याच्या गाड्या लावल्या.

आणि फोनवर काम आलं की फोटोवाले येतात. बिस्किटाचा पुडा देताना चौघं धरून उभे. घेणाऱ्याची मान खाली असते, ते बघवत नाही मला. ते आधी बंद करा, मग ॲपचं बोला.

हिंजवडीतला कोल्हापुरी
आबा, फोटोचं शंभर टक्के मान्य. पण फळा तालमीत. मी त्या वेळी पुण्यात बसून औषधं गोळा करत होतो, मला तो फळा कसा दिसणार? मदतीचं निम्मं सामान बाहेरनं येतं.

मुक्तस्रोतवाला
तुम्ही सगळे दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवरच भांडताय. वंडरलिस्ट आठवतंय का? कामांच्या याद्या करायचं ॲप, बरेच जण वापरायचे. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये घेतलं, २०२० मध्ये बंद केलं. ट्रेलो २०१७ मध्ये ॲटलासियन कंपनीकडं गेलं आणि आता दहाची अट. फुकट देणारा कधीही हात आखडता घेतो. नेक्स्टक्लाउड टाकू, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर चालणारं मुक्त सॉफ्टवेअर; त्यात डेक नावाची सोय आहे, कार्डं तशीच लावता येतात. माणसांची मर्यादा नाही, माहिती आपल्या ताब्यात.

रंकाळाकाठ
आणि सर्व्हर कुठं ठेवणार? भाडं कोण देणार? भर पुरात बंद पडला तर तू एकटा दुरुस्त करणार, आणि तू त्या वेळी होडीत असलास तर? विचार चांगला आहे, पण ज्या टीमला महिन्याला डिझेलचे पैसे जमवताना नाकी नऊ येतात तिनं हे उचलू नये.

मुक्तस्रोतवाला
ठीक आहे. मग शीटची प्रत दर आठवड्याला उतरवून ठेवायची, एवढं तरी करा. ट्रेलोवर राहणार असाल तर तिथली पण.

दुधाळीतली
शीट शीट करताय, मला एक विचारायचंय. लिंकची सेटिंग काय ठेवणार?

मागं गणपतीत विसर्जनाच्या इराणी खणीवर निर्माल्य गोळा करायची ड्युटी होती. तेव्हाही असंच शीट केलं होतं. "लिंक असलेला कुणीही" उघडू शकेल असं ठेवलं, आणि त्यात आमची नावं, मोबाईल नंबर, कुठली पाळी, रात्री किती वाजता सुटणार, सगळं. ती लिंक फिरत फिरत कुठं गेली कुणास ठाऊक. नंतर मला अनोळखी नंबरवरनं रात्री-अपरात्री फोन. "मॅडम, परवा खणीवर तुम्हीच होता ना?" माझ्या दोन मैत्रिणी त्यानंतर आल्याच नाहीत. घरच्यांनी सोडलं नाही, आणि मी त्यांना काय सांगणार?

एसटीवाला
ताई, वाईट झालं. पण नंबर तर व्हॉट्सॲप ग्रुपवर पण दिसतोच की.

दुधाळीतली
दिसतो, आणि ते पण मला नको आहे! पण ग्रुपमध्ये कोण आहे हे ॲडमिनला माहीत असतं. उघडी लिंक कुणाच्या हातात आहे हे कुणालाच माहीत नसतं. शिवाय ग्रुपमध्ये मी रात्री कुठं उभी असणार हे लिहिलेलं नसतं. एवढा फरक कळू नये?

रंकाळाकाठ
नंबरचा रकाना लपवून टाकू. शीटमध्ये रकाना हाईड करता येतो.

दुधाळीतली
लपवल्यानं नंबर जात नाही. ज्याला बदल करायची परवानगी आहे तो एका क्लिकमध्ये परत उघडतो. नुसतं बघणारा सुद्धा प्रत काढून आतलं बघू शकतो. आणि रकाना प्रोटेक्ट केला तर फक्त बदल थांबतो, वाचणं थांबत नाही. मी हे त्या प्रकारानंतर बसून शिकलेय.

कुंभार गल्ली
आता मुलींच्या अडचणीपायी सगळ्यांचं काम अडवायचं का? सेवा करायला आलोय तर थोडं सहन करावं लागतं. आमचे नंबर पण बाहेर आहेत, आम्ही नाही कधी बोललो.

दुधाळीतली
तुम्हाला रात्री एक वाजता कुणी "एकट्याच राहता का" असं विचारलंय? विचारलं असतं तर बोलला असता. निवारा केंद्रात बायकांच्या खोलीत सॅनिटरी पॅड वाटायला, बाळंतिणीपाशी थांबायला आम्हीच लागतो ना? तेव्हा नाही म्हणत कुणी बाजूला व्हा म्हणून. वर आम्हालाच सहन करा.

शिवाजी पेठेतले आबा
कुंभार गल्ली, शब्द मागं घे. माझी नात पण या टीममध्ये आहे. माझ्या फळ्यावर कधी कुणाचा नंबर नव्हता.

कुंभार गल्ली
घेतला मागं. पण रात्री दोनला होडी लागली तर नंबर शोधायचा कुठं, हे पण कुणीतरी सांगा. आडनाव माहीत नसलेल्या माणसाला हाक मारून होडी येत नाही.

मुक्तस्रोतवाला
वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. पण कायद्याचं राहू द्या, हे माणुसकीनंही कळायला हवं. नंबर दोन ठिकाणी असावेत: गल्लीप्रमुखाच्या फोनमध्ये आणि कागदावर तालमीत. शीटमध्ये फक्त गल्लीप्रमुखाचं नाव. होडी लागली तर प्रमुखाला फोन. आणि व्हॉट्सॲपवर साधा ग्रुप ठेवण्याऐवजी कम्युनिटी करा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात.

दुधाळीतली
हे चालेल. आणि लिंक नावानिशी द्यायची, ज्याच्या त्याच्या मेल आयडीवर. ज्याला मेल आयडी नाही त्यानं प्रमुखाला विचारावं. ड्युटीची वेळ लिहा, पण पुढं कोण उभं राहणार हे लिहू नका.

हिंजवडीतला कोल्हापुरी
मग "कुणी घेतलं" या रकान्यात काय लिहिणार? माझं इन्शुलिन परत तिथंच अडकलं.

दुधाळीतली
गल्लीप्रमुखाचं एक नाव. सहा अंगठे नाहीत. ते काम झालं नाही तर जाब त्याला. तुम्हाला हवं होतं ते यात आहे.

हिंजवडीतला कोल्हापुरी
हं. एक नाव असेल तर शीट चालेल मला. तारीख उलटली की ओळ लाल व्हायचं फॉरमॅटिंग मी लावून देतो. पण लिहून ठेवा, फोनवर कुणीतरी चुकून सॉर्ट करणार आणि सगळ्या ओळी विस्कटणार.

रंकाळाकाठ
विस्कटल्या तर जुनी आवृत्ती परत आणता येते, व्हर्जन हिस्टरीत. काँप्युटरवरनं. ते काम तुझ्याकडं, तू तसाही दिवसभर लॅपटॉपपुढं असतोस.

आबा, फळा पण राहू दे. रोज रात्री शीटमधली न झालेली कामं फळ्यावर उतरवायची. नेट गेलं की फळा खरा.

शिवाजी पेठेतले आबा
उतरवणारा कोण?

एसटीवाला
मी उतरवतो. घर तालमीपासनं चार पावलांवर आहे आणि अक्षर बरं आहे माझं. पण आधी ते "बाजूला व्हावं" ग्रुपवरनं काढा. आमच्या बरोबरच्या ड्रायव्हरनं ते वाचून ग्रुप सोडलाय.

हिंजवडीतला कोल्हापुरी
ते काढायचं मी बघतो. ग्रुप सोडलेल्या ड्रायव्हरना मी स्वतः फोन करतो, नंबर पाठवा. इथं नको, मला पर्सनलवर.