साडेतीनशे डॉलरची सॅव्हेज ९९: घबाड की भंगार?

रानवाटा_पेन्सिल्व्हेनिया

आमच्या राज्यात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालत नाही. त्यामुळे रानात भेटणारे लोक बोल्ट, पंप नाहीतर लिव्हर अशा, हाताने काडतूस पुढे सरकवायच्या पंथांचे असतात. मी लिव्हरवाला, आणि बरीच वर्षं डोळा होता तो सॅव्हेज ९९ या लिव्हर रायफलीवर. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मागच्या भिंतीला जुन्या बंदुका लावलेल्या असतात. तिथे ती परवा मिळाली. पन्नाशीच्या दशकातली, चिकोपी फॉल्सच्या कारखान्याचा शिक्का, .३०० सॅव्हेज काडतुसाची. ३५० डॉलर. हीच मूळ स्थितीत असती तर हजाराच्या आसपास मागितले असते.

स्वस्त का, ते उघड आहे. कोण्या मालकाने रिसीव्हरच्या (यंत्रणा बसते त्या धातूच्या भागाच्या) बाजूला स्कोप बसवायला भोकं पाडलीत आणि दस्ता कापून रबरी पॅड लावलंय. संग्राहकांच्या लेखी ती मेलेली. माझं म्हणणं असं, की ज्याला खरंच शिकारीला जायचंय त्याने नेमकी अशीच शोधावी. मूळ स्थितीतली घेतली की पहिल्या पावसात जीव खालीवर होतो, आणि ती कपाटातच राहते.

आता ९९ च का, हे विचारणाऱ्यांसाठी. आर्थर सॅव्हेज हा जमैकात जन्मलेला माणूस. त्याची १८९५ ची रचना सुधारून १८९९ मध्ये ही आली आणि जवळपास शतकभर बनत राहिली. बाहेर घोडा नाही, त्यामुळे झाडीत काही अडकत नाही. काडतुसं नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये एकामागे एक नसतात, पितळी फिरक्याभोवती गोल बसतात. म्हणून टोकदार गोळी बिनधास्त वापरता येते. विंचेस्टर ९४ या दुसऱ्या लिव्हर रायफलीत एकीचं टोक पुढचीच्या प्रायमरला (बुडाच्या ठिणगीच्या टोपीला) टेकतं आणि धक्क्याने ती उडू शकते, त्यामुळे तिथे चपट्या नाकाची गोळी लागते. शिवाय डाव्या अंगाला छोट्या खिडकीत किती काडतुसं उरली त्याचा आकडा दिसतो. हा आकडा बघायचा नाद मला लहान पोरासारखा आहे, कबूल.

तीस_तीस

अभिनंदन, पण घबाड वगैरे काही नाही. तुम्ही भोकं पाडलेल्या बंदुकीची भोकं पाडलेल्या बंदुकीएवढी किंमत दिलीत. दुकानदार खुळा नव्हता. उद्या विकायला काढा, तुम्हालाही तेवढेच मिळतील.

आणि ९४ ला नावं ठेवण्याआधी थोडं थांबा. जॉन ब्राउनिंगची रचना, ७० लाखांहून जास्त बनल्या. चपट्या नाकाच्या .३०-३० काडतुसाने या देशात इतकी हरणं पडलीत की तुमच्या टोकदार गोळीचा फायदा कागदावरच राहतो. तुमच्या रानात शंभर यार्डांपलीकडे दिसतं तरी काय?

रानवाटा_पेन्सिल्व्हेनिया

विकायची असती तर तुमचं बरोबर. मला विकायचीच नाही, मग बाजारभाव माझ्या काय कामाचा? वापरण्याच्या दृष्टीने मला हजाराची वस्तू साडेतीनशेत मिळाली.

रानाचं म्हणाल तर वीजवाहिनीखाली झाडं तोडलेला पट्टा असतो, तिथे दोनशे यार्ड सहज दिसतं. १५० ग्रेन वजनाची गोळी .३०० सॅव्हेजमधून २६०० फूट प्रतिसेकंदाच्या वर निघते. पुढे ज्यातून .३०८ काडतूस आलं, त्या लष्करी प्रयोगांची सुरुवातही याच काडतुसाच्या कवचापासून झाली होती.

तीस_तीस

मग .३०८ मधलीच ९९ घ्यायची होती! ती काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात. .३०० सॅव्हेज हंगामाच्या तोंडावर एखादी खेप येते, नंतर शुकशुकाट. स्वस्त बंदूक, महाग चारा.

अंगणवेल

मला यंत्रातलं कळत नाही, पण एक विचारते. अशा बंदुका भिंतीवर येतात कुठून? बहुतेक वेळा नवरा गेला, घर आवरायला काढलं, बाईने मिळेल त्या पैशात देऊन टाकली. तुम्ही साडेतीनशे दिलेत म्हणजे तिला किती मिळाले असतील? त्या नुकसानीवर "घबाड" म्हणून नाचणं मला नाही पटत.

रानवाटा_पेन्सिल्व्हेनिया

ताई, मी दुकानाने चिठ्ठीवर लिहिलेली किंमत दिली, घासाघीससुद्धा केली नाही. दुकानदाराचा धंदाच हा आहे, भाव त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो. तीच बाई अंगणात टेबल मांडून विकत असती तर मात्र खरा भाव सांगितल्याशिवाय मी हात लावला नसता.

अंगणवेल

म्हणजे मध्ये दुकान आलं की हात स्वच्छ. ठीक आहे, तुमचा हिशेब तुमच्यापाशी.

तीस_तीस

इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने. प्रत्येक जुन्या वस्तूमागे विधवा शोधायला लागलो तर जुना बाजार बंद करावा लागेल.

कृष्णाकाठ

मुळात शिकार कशाला, हे कोणीच विचारत नाहीये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली ती उगाच नाही. तिकडे गेलं की आपली माणसं बंदुकीच्या लाकडाचं कौतुक करायला लागतात, याचं नवल वाटतं.

रानवाटा_पेन्सिल्व्हेनिया

कायदा तिथल्या परिस्थितीला योग्यच होता. इथली वेगळी आहे. लांडगे, कुगर केव्हाच संपले, हरणं बेसुमार वाढतात आणि जंगलातली कोवळी रोपं शिल्लक ठेवत नाहीत. किती मारायची ते राज्य ठरवतं. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो वन्यजीवांच्या कामाला जातो.

कृष्णाकाठ

तो कर कारखान्यातून निघणाऱ्या नव्या मालावर असतो. तुमच्या जुन्या बंदुकीच्या साडेतीनशेतून हरणांना एक सेंटही मिळाला नाही.

रानवाटा_पेन्सिल्व्हेनिया

हे बाकी खरं. पण वर आमचे मित्र ज्याला महाग चारा म्हणाले, त्याच्यावर तो कर मी दर हंगामाला भरतोच आहे.

नवा_पाहुणा

थोडं अवांतर. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. ऑफिसातला एकजण म्हणतो मला बंदूक घेताच येत नाही, दुसरा म्हणतो येते. खरं काय?

रानवाटा_पेन्सिल्व्हेनिया

दोघेही अर्धे बरोबर. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगणं संघीय कायद्याने मना आहे, पण मोजके अपवाद आहेत. त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरताना हे विचारतात, आणि तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. आधी शिकारीचा शिक्षणवर्ग करा, परवाना काढा, वकिलाला विचारा, आणि मगच दुकानात पाऊल टाका. तोवर मित्राची बंदूकसुद्धा हातात घेऊ नका.

तीस_तीस

बाकी वाद राहू दे, कामाचं सांगतो. टँगच्या (रिसीव्हरची दस्त्यात जाणारी पट्टी) मागे दस्त्याला चीर आहे का पाहिलंत? ९९ चं ते नेहमीचं दुखणं. आणि गनस्मिथकडून हेडस्पेस (काडतूस आत नीट घट्ट बसतं का ते) तपासल्याशिवाय एकही काडतूस उडवू नका.

रानवाटा_पेन्सिल्व्हेनिया

चीर आहे, केसाएवढी. गनस्मिथकडे शनिवारी नेतोय. भोकं मात्र तशीच ठेवणार.

तीस_तीस

ठेवा, पण त्यात छोटे बुजवण स्क्रू तरी बसवून घ्या. पाणी आत जाईल.