क्लोजर डिव्हाइस: रुग्णाचा हक्क की कॅथलॅबचा चोचला?

शिथकाढ्या

"अँजिओग्राफीनंतर जांघेतील धमनी हाताने दाबून धरणे हा मध्ययुगीन प्रकार आहे, आणि क्लोजर डिव्हाइस न वापरणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे," असे या मंचावरील एका सदस्याने परवा लिहिले आणि त्याखाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. क्लोजर डिव्हाइस म्हणजे धमनीतले छिद्र बूच, टाका वगैरेंनी मिटवणारे साधन. मी चोवीस वर्षे कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या विभागात, तंत्रज्ञ होतो आणि शिथ (तपासणीसाठी धमनीत घातलेली नळी) काढून धमनी दाबणे हे माझे रोजचे काम होते. तेव्हा हे उत्तर मध्ययुगातून आले आहे असे समजावे.

सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून १९९० च्या दशकात पहिली क्लोजर डिव्हाइस येईपर्यंत त्या छिद्रावर माणसाची बोटे हाच मुख्य इलाज होता. ज्यांना हे काम अडाणी वाटते त्यांनी ते एकदा पाहावे. त्वचेवरचे छिद्र दिसते तेथेच दाबून भागत नाही. सुई तिरकी शिरते, त्यामुळे धमनीतले छिद्र सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर असते. तीन बोटे तेथे ठेवायची, शिथ अलगद ओढायचा, रक्ताची एक चिळकांडी येऊ द्यायची आणि मग कोपर ताठ ठेवून अंगाचा भार बोटांवर टाकायचा. दुसऱ्या हाताने पावलावरची नाडी चाचपत राहायचे, कारण ती बराच वेळ साफ बुजली तर आपण छिद्राबरोबर पायही बंद करत असतो. एका फ्रेंचला (हे नळीच्या जाडीचे माप) तीन मिनिटे हा आमचा हिशेब, म्हणजे सहा फ्रेंचच्या, दोन मिलिमीटरच्या शिथला अठरा मिनिटे. रक्त गोठू न देणारे हिपॅरिन दिले असेल तर एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, १८० सेकंदांच्या खाली उतरेपर्यंत शिथला हातही लावायचा नाही.

आता जिवाशी खेळण्याबद्दल. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसार-क्लोजर चाचणीत ४,५२४ रुग्ण होते. तीस दिवसांत जांघेतील गुंतागुंती डिव्हाइसच्या गटात ६.९ टक्के आणि हाताने दाबलेल्या गटात ७.९ टक्के झाल्या. त्यातून डिव्हाइस हातापेक्षा वाईट नाही इतकेच सिद्ध झाले. रक्त थांबायला डिव्हाइसने एक मिनिट लागले आणि हाताने दहा. म्हणजे फरक मुख्यतः सोयीचा आहे. सोयीला सोय म्हणावे, परंतु चोचल्याला जीवनमरणाचे नाव देऊन रुग्णांना घाबरवू नये.

उताणा

"चोचला" हा शब्द वाचला आणि उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. माझ्या कण्यातील चकती सरकलेली आहे. पहिल्या अँजिओग्राफीनंतर मला सहा तास उताणे, उजवा पाय न वाकवता झोपवले होते. दुसऱ्या तासापासून कमरेतून अशी कळ येऊ लागली की छातीचे दुखणे मी विसरून गेलो. झोपून लघवी होईना, म्हणून शेवटी नळी घातली आणि ती काढल्यावर पुढे आठ दिवस जळजळ सोसली. दोन वर्षांनी दुसऱ्या वेळी डिव्हाइस लावले आणि दोन तासांत मी माझ्या पायांनी स्वच्छतागृहात गेलो. आपल्या हिशेबात फक्त आपली अठरा मिनिटे आहेत. पुढचे सहा तास माझे होते, आणि ते आपल्या टक्केवारीत कोठेच दिसत नाहीत.

शिवाय त्याच चाचणीतील एक आकडा आपण सोयीस्करपणे गाळला आहे. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या रक्ताच्या गाठी डिव्हाइसने ४.८ टक्के रुग्णांना झाल्या, हाताने दाबलेल्या गटात ६.८ टक्क्यांना.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. डिव्हाइस की बोटे हे डॉक्टर मंडळींनी ठरवावे, माझे भांडण वाळूच्या पिशवीशी आहे. शिथ काढल्यावर जांघेवर वाळूची पिशवी ठेवा, असा आदेश आमच्याकडे अजूनही छापील कागदावर आहे. तिने गाठी किंवा रक्तस्राव कमी होत नाहीत असे अभ्यासांतून अनेकदा दिसून आले आहे. रुग्ण जरा हलला की ती मांडीकडे घरंगळते, आणि जागेवर राहिली तर नेमकी पाहायची जागाच झाकून टाकते. एकदा पहाटे अडीचला एका बाईंची नाडी एकाएकी वाढली, रक्तदाब ९० वर आला आणि त्या "कंबर फार दुखते" म्हणू लागल्या. चादर कोरडी होती आणि पिशवी जागेवर होती. नोंदवहीत "पिशवी ठेवली आहे" अशी दर तासाची नोंदही होती. पंक्चर उंच झाले होते आणि रक्त पोटामागच्या पोकळीत साचत होते. तेथे पिशवी काय करणार?

डिव्हाइसच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक सांगते. "सील केले आहे" एवढे म्हणून रुग्ण वॉर्डात येतो आणि मग त्याच्या जांघेकडे कोणी फिरकत नाही. सील केलेली जांघही फुगते, आणि ती उशिरा कळते.

मनगटवादी

संपलेल्या प्रश्नावर ही मंडळी इतके का भांडत आहेत, हे मला समजत नाही. कँपो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफी करण्याचा अनुभव प्रसिद्ध केला आणि कीमेनेय यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. २०११ च्या रायव्हल चाचणीत ७,०२१ रुग्णांपैकी मनगटाच्या गटात मोठ्या रक्तवाहिनी-गुंतागुंती १.४ टक्के, तर जांघेच्या गटात ३.७ टक्के झाल्या. मनगटातील धमनी हाडावर, त्वचेखाली लगेच सापडते. तिला एक पट्टा बांधून रुग्ण खुर्चीत बसतो. जांघेतून जाऊन तेथले छिद्र कशाने मिटवावे याची चर्चा करणे म्हणजे घराला दार असताना खिडकीतून आत यायचे आणि मग खिडकीची काच कोणी बसवायची यावर वाद घालायचा.

शिथकाढ्या

छान. आता मनगटातून टावीची, म्हणजे धमनीतून नेऊन बसवायची हृदयाची, झडपही घालून दाखवा, आम्ही सारे पाहायला येतो.

आठवड्यातून तीनदा

मनगटवाद्यांना एक विनंती आहे. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्यांच्यासाठी मनगटातील धमनी ही ठेव असते, कारण डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर यांची जोड) तेथेच करतात. माझ्या डाव्या हाताचा फिस्टुला बंद पडला, तेव्हा शल्यचिकित्सकांनी उजवे मनगट तपासले. तेथील धमनी दोन वर्षांपूर्वीच्या अँजिओग्राफीनंतर बुजली होती. त्यामुळे मला कधी काही दुखले नव्हते आणि हातही सुन्न झाला नव्हता, म्हणून ते कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या मूत्रपिंडांची तक्रार तेव्हाही होती. जांघ का नको याची कारणे मला त्या दिवशी पुष्कळ सांगण्यात आली, परंतु मनगट कोणासाठी राखावे हे कोणी सांगितले नाही.

मनगटवादी

आपल्याबाबत जे झाले ते वाईट झाले, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत मनगट जपावे हे मलाही मान्य आहे. परंतु धमनी बुजण्याचा दोष मनगटाचा नसून पट्टा आवळणाऱ्यांचा आहे. दाब इतकाच असावा की रक्त बाहेर येऊ नये आणि आतला प्रवाहही चालू राहावा. २००८ च्या प्रोफेट चाचणीत अशा दाबाने धमनी बुजण्याचे प्रमाण ठळकपणे घटले होते. पट्टा कचकचून बांधून चहाला निघून जायचे, आणि मग वाट वाईट म्हणायचे, हा कोणता न्याय?

शिथकाढ्या

म्हणजे शेवटी दाबणाऱ्या हातावरच आलात. मी दुसरे काय म्हणत होतो?

आणि मनगटाने केलेले एक नुकसान आपण सांगत नाही, म्हणून मी सांगतो. नव्या पिढीतील डॉक्टरांचा जांघेचा सराव गेला. ज्या रुग्णाला जांघेतूनच जावे लागते तो बहुधा अधिक आजारी, अधिक वयस्क असतो, आणि त्याच्या वाट्याला वर्षातून चारदा जांघ टोचणारा हात येतो. यालाच कँपो पॅराडॉक्स म्हणतात, ते नाव मी पाडलेले नाही. दाबणाऱ्यांचीही तीच गत झाली आहे. डिव्हाइस बसले नाही तर काय करतात हे कोणी विचारले का? हाताने दाबतात. ज्या चाचणीचे आकडे उताणा यांनी माझ्या तोंडावर मारले, तिच्यातच धमनीच्या आतून मिटवणारे डिव्हाइस ५.३ टक्के वेळा आणि बाहेरून मिटवणारे १२.२ टक्के वेळा अपयशी ठरले. त्या वेळी खाटेजवळ जो उभा असेल त्याला तीन बोटे कोठे ठेवायची ते ठाऊक नसेल, तर आपला हक्क आपण कोणाकडे मागणार?

मोठी नळी

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि टावी करतो, म्हणून वरच्या टोमण्याला उत्तर देतो. चौदा-सोळा फ्रेंचच्या शिथने धमनीला पडणारे छिद्र पाच-सहा मिलिमीटरचे असते. ते नुसते बोटांनी दाबून मिटवण्याचा भरवसा कोणी देणार नाही, आणि पूर्वी त्यासाठी जांघ कापून धमनी शिवावी लागे. आज आम्ही छिद्र लहान असतानाच प्रोग्लाइड या डिव्हाइसचे दोन टाके आधी घालून ठेवतो, मग मोठा शिथ घालतो आणि शेवटी गाठी आवळतो. या जागी डिव्हाइसला चोचला म्हणणाऱ्याने एकदा माझ्याजागी उभे राहावे.

मात्र सगळी डिव्हाइस एका माळेचे मणी नाहीत. २०२२ च्या चॉइस-क्लोजर चाचणीत टावीच्या ५१६ रुग्णांत कोलॅजनच्या बुचाचे मँटा आणि टाक्यांचे प्रोग्लाइड यांची तुलना झाली. रक्तवाहिनीच्या गुंतागुंती मँटाने १९.४ टक्के आणि प्रोग्लाइडने १२ टक्के झाल्या. मँटा लावायला सोपे आहे, पण सोपे ते सुरक्षित असे झाले नाही.

आणि या धाग्यावर बोटे, बूच, टाका, पिशवी यांवर इतके लिहिले गेले, परंतु छिद्र मुळात कोठे पडले यावर रात्रपाळी यांच्याखेरीज कोणी बोलले नाही. पंक्चर मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यासमोर झाले तर बोटांना खाली दाबायला टणक आधार मिळतो. त्याहून वर झाले तर रक्त पोटामागे जाते. खाली, धमनीच्या फाट्याजवळ झाले तर दाबायला हाड नसते आणि स्यूडोअॅन्युरिझमचा, म्हणजे धमनीलगत रक्ताचा फुगा होण्याचा, धोका वाढतो. चुनखडी साचलेल्या किंवा बारीक धमनीत बूच नीट बसत नाही. शिथमधून रंगद्रव्य सोडून एक्स-रेचे एक चित्र घेऊन हे सारे अर्ध्या मिनिटात पाहता येते, आणि ते पाहिल्यावाचून डिव्हाइस उघडणाऱ्यांवर माझा राग आहे.

लेक

मी आतापर्यंत नुसते वाचत होते. माझ्या वडिलांना बुचाचे डिव्हाइस लावले होते, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळले. रात्री त्यांचे पाऊल गार पडले. ते म्हणत होते की पायात कापूस भरल्यासारखे वाटते, आणि आम्ही त्यांना मोजा घालत होतो. पहाटे डॉक्टरांनी डॉप्लर लावून पाहिला, तर धमनीत डिव्हाइसचा तुकडा अडकला होता आणि शस्त्रक्रिया करून तो काढावा लागला. पाय वाचला. हे क्वचित घडते असे मला सांगण्यात आले आणि ते खरेही असेल. परंतु मोठी नळी यांनी जे चित्र सांगितले ते घेतले होते का, असे मी विचारले, तेव्हा कोणीच उत्तर दिले नाही.

बुचातील कोलॅजन गाईगुरांपासून मिळवलेले असते हेही मला नंतर माहितीपत्रकावरून समजले. वडिलांनी कदाचित हरकत घेतली नसती, पण विचारायला हवे होते. संमतीपत्रावर फक्त "अँजिओग्राफी व अनुषंगिक उपचार" असे शब्द होते. आपण सारे जे वापरावे की न वापरावे यावर भांडत आहात, ते त्यांच्या शरीरात राहणार आहे एवढे तरी आधी सांगायचे.

उताणा

आपल्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. खरे सांगायचे तर मलाही कोणी विचारले नव्हते. माझ्या वेळी ते नीट बसले, म्हणून ते मला खटकले नाही, इतकेच. तरीही कण्याचे दुखणे असलेल्या माणसाला सहा तास उताणे ठेवण्याला पर्याय असताना तो न देणे मला अन्याय्यच वाटते, आणि शिथकाढ्या यांनी तो शब्द अजून मागे घेतलेला नाही.

शिथकाढ्या

घेतो. ज्याला उताणे झोपवत नाही, ज्याचे हिपॅरिन उतरेपर्यंत थांबता येत नाही आणि ज्याचे छिद्र मोठी नळी यांच्या मापाचे आहे, त्याच्यापुरता "चोचला" मागे घेतला. गाठींचा आकडा मी गाळला होता हेही खरे. आयसार-क्लोजर ही केवळ तपासणीच्या अँजिओग्राफीची चाचणी होती आणि तिच्यात अँजिओप्लास्टीचे रुग्ण नव्हते, हे उताणा यांनीही गाळले, तेव्हा फिटंफाट झाली. बाकीच्यांसाठी माझी तीन बोटे अजून शाबूत आहेत.

लेक, वडिलांच्या कागदांत डिव्हाइसचे नाव लिहिलेले एक लहान कार्ड असायला हवे. विरघळणाऱ्या बुचाच्या डिव्हाइससोबत ते येते आणि नव्वद दिवस जवळ बाळगायला सांगतात, कारण त्या मुदतीत त्याच जांघेतून पुन्हा जायचे झाले तर आधीच्या जागेच्या सेंटिमीटरभर वर टोचावे लागते.

लेक

कार्ड मिळाले. फाइलच्या मागच्या खणात होते, न भरलेले.