घरी येणाऱ्या शुश्रूषेचा दर्जा: नोंदवही वाचायची की रुग्णाची टाच बघायची?

पाणपोई
घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, एजन्सीकडून केअरटेकर येतात. सेवा नीट चाललीय हे ठरवायचं कशावरून? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं. माणूस वेळेवर येतो, बोलायला गोड आहे, नोंदवही रोज भरलेली असते. माझं ठाम म्हणणं आहे की यातून काहीही कळत नाही. कळतं ते रुग्णाच्या अंगावरून.

वडिलांच्या नोंदवहीत रात्री दहा, बारा, दोन, चार अशी दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद होती. एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारखी. सकाळी चादर बाजूला केली तर डाव्या टाचेवर लाल चट्टा. बोटाने दाबून सोडला तरी फिका पडेना. कातडी शाबूत असली तरी दाबल्यावर फिकी न पडणारी लाली म्हणजे बेडसोरचा, एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा. वर्ण सावळा असेल तर ही लाली नीट दिसतही नाही. तिथे हात लावून पाहावं लागतं, आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागते का, जास्त कडक किंवा लिबलिबीत लागते का. टाचा, माकडहाड, खुबे, आणि ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागची जागा. अंग पुसायच्या वेळी घरच्यांपैकी कुणीतरी शेजारी उभं राहून हे बघितलंच पाहिजे. सर्टिफिकेटची फाइल नंतर.

उत्तररात्र
पाणपोई, तुमचा संताप रास्त आहे, निष्कर्ष नाही. मी नर्स आहे. घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्यांच्या कामावर देखरेख करण्यात बरीच वर्षं गेली.

आवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा मोजण्याची जी मांडणी केली, तिचे तीन भाग आहेत: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. म्हणजे माणसं आणि साधनं कोणती आहेत, काम कसं होतं, आणि शेवटी रुग्णाचं काय झालं. तुम्ही पहिले दोन सोडून तिसऱ्यावर निवाडा करताय. परिणाम दिसतो तेव्हा इजा होऊन गेलेली असते. शिवाय अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णाची कातडी उत्तम काळजी घेऊनही कधीकधी फुटते. तिथे त्या बाईला दोष द्यायचा?

म्हणून सुरुवातीलाच जोखीम मोजून ठेवतात. बेडसोरसाठी १९८७ ची ब्रेडन मोजपट्टी आहे. स्पर्शाची जाणीव, ओलावा, वावर, अंथरुणातली हालचाल, पोषण आणि घर्षण अशा सहा बाबींवर ६ ते २३ गुण. १८ किंवा कमी आले तर धोका आहे असं साधारणपणे धरतात. एजन्सीने पहिल्या भेटीत असं काही मोजलं होतं का? हा प्रश्न टाचेवर चट्टा उठण्याच्या आधीचा आहे.

आणि नोंदवही खोटी असू शकते म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. ती वाचता आली पाहिजे. खऱ्या नोंदवहीत अडचणी असतात. 'दुपारी निम्मंच जेवले', 'रक्तदाबाची गोळी थुंकली, परत दिली नाही', 'लघवी गढूळ, फोन केला'. आठवडेच्या आठवडे सगळं 'ठीक' असेल तर ती वही कुणीतरी तपासणीसाठी भरतंय. माणूस सांभाळताना रोज सगळं ठीक नसतं.

पाणपोई
शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ज्याच्या कामाची तपासणी करायची, त्याच्याच हातची वही पुरावा कशी काय?

उत्तररात्र
एकटी नाहीच. ती दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघायची. गोळ्यांची पाकिटं मोजा: शिल्लक गोळ्या आणि वहीतल्या नोंदी जुळतात का? इन्सुलिन सकाळच्या पाळीने दिलं आणि लिहिलं नाही, तर दुसऱ्या पाळीची बाई ते पुन्हा देईल. साखर एकदम खाली जाईल, घाम सुटेल, ग्लानी येईल. हा धोका रुग्णाच्या अंगावर आधी दिसत नाही, वहीतच दिसतो. म्हणून म्हणते, कातडी पाहा, पण वही फेकू नका.

गोरखचिंच
इतकी चर्चा कशाला? खोलीत कॅमेरा लावा. कूस बदलली की नाही, किती वाजता बदलली, सगळं समोर. आम्ही लावला आणि भांडणंच संपली.

निशिगंध
गोरखचिंच, ज्यांच्यावर कॅमेरा रोखलाय त्यांना विचारलंत का? त्यांचे डायपर बदलताना, अंग पुसताना चित्रीकरण होतंय आणि ते नातवंडांच्याही मोबाइलवर दिसू शकतंय. शुद्ध हरपलेली नाही अशा माणसाच्या संमतीशिवाय हे करणं मला सुरक्षितता वाटत नाही. कॅमेऱ्यात हात दिसतो, पकड किती घट्ट आहे ते दिसत नाही.

मुळात एक प्रश्न इथे कुणीच विचारला नाही. पाणपोईंकडची बाई रात्री दोन वाजता कूस बदलणार होती, मग ती झोपणार कधी होती? चोवीस तासांची ड्युटी एकाच व्यक्तीला दिली असेल तर ती नोंद खोटी असणार हे ठेवतानाच ठरलेलं असतं. मी दहा वर्षांहून जास्त काळ हेच काम करतेय. वजनदार माणसाला एकटीने पलंगावरून खुर्चीत घेताना पाय सटकला तर दोघंही पडतात. उचलायचा पट्टा नाही, दुसरं माणूस नाही, आणि वर 'नीट धरता येत नाही का?' एजन्सी पारखायची तर आधी विचारा: रात्री जागायला वेगळं माणूस आहे का, सुट्टीत बदली कोण येतं, आणि त्या बदलीला रुग्णाची माहिती कोण देतं? महिन्यात नवे नवे चेहरे येत असतील तर तिथेच चुका होतात. कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच हवी, नाकातल्या नळीतून भरवताना उशाची बाजू किमान तीस अंश उचललेली हवी, या गोष्टी नव्याला कुणी सांगितल्याच नसतात.

गोरखचिंच
संमतीचं पटलं. घरातल्या बोलत्या माणसाला विचारायला हवंच. पण ज्यांना बोलताच येत नाही, स्मृतिभ्रंश आहे, त्यांच्या बाबतीत कॅमेऱ्याशिवाय दुसरा साक्षीदार कोण? मी काढणार नाही. फार तर पडद्याआडची कामं चालू असताना बंद ठेवेन.

निशिगंध
न बोलणारी माणसंही सांगतात. ठरावीक व्यक्ती खोलीत आली की अंग आक्रसतं का? हात जवळ नेला की दचकतात का? दंडावर बोटांच्या ठशांसारखे वळ, कारण न सांगता येणारे? वजन उतरतंय का? हे बघायला रोज थोडा वेळ शेजारी बसावं लागतं, अवेळीही यावं लागतं.

साधासरळ
तुम्ही सगळे मिळून घरच्यांवरच सगळं लादताय. कातडी आम्ही बघायची, गोळ्या आम्ही मोजायच्या, शेजारी आम्ही बसायचं. मग एजन्सी कशासाठी? नोकरी करणाऱ्या किंवा दूर राहणाऱ्या मुलांनी काय करायचं? ही जबाबदारी नियामकाची आहे. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन २००९ पासून घरी दिल्या जाणाऱ्या सेवांचीही तपासणी करतं. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेला धावून येते का, व्यवस्थापन नीट आहे का, हे पाच प्रश्न विचारून शेरा जाहीर करतं. ग्राहकाने शेरा बघून निवडावं, इतकं सोपं असायला हवं.

उत्तररात्र
असावंच, दुमत नाही. पण तपासनीस येतो तो कधीतरी, आणि शेरा मिळतो तो संस्थेला. आज रात्री तुमच्या घरी कोण येणार हे तो शेरा सांगत नाही. तिथेच २०१५ मध्ये आरोग्य आणि शुश्रूषेसाठी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेला आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहावं लागलं की अपवाद सोडता घरची भेट अर्ध्या तासापेक्षा कमी नसावी. घाईच्या भेटी हा प्रश्न नियामक असतानाच होता.

साधासरळ
तरी तक्रार ऐकणारं कुणीतरी तिथे आहे. आमच्यासारख्यांना तक्रारीचीच भीती वाटते. बोललो तर उद्यापासून माणूस येणार नाही, किंवा येईल आणि राग आईवर काढेल.

पाणपोई
ही भीती मलाही होती, म्हणून आता नवी एजन्सी ठरवताना पहिल्याच भेटीत विचारतो: मागच्या वेळी तुमच्या देखरेखीत कुणी पडलं किंवा औषध चुकलं, तेव्हा काय केलंत? घरच्यांना कधी कळवलंत? 'आमच्याकडे असं कधी होतच नाही' म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो. उत्तररात्र, तुमच्या सांगण्यावरून ब्रेडनचंही विचारेन. पण टाच मात्र मीच बघणार.

निशिगंध
बघा की. फक्त बघताना त्या बाईला सोबत घ्या. चट्टा दिसला तर कूस बदलताना टाच गादीवरून उचलून पोटरीखाली उशी कशी ठेवायची, तेही दोघांनी मिळूनच ठरवा.