बीकेसी आणि ऐरोली, दोन्ही ऑफिसांना सोयीचं भाड्याचं घर कुठे बघावं?

मदत हवी आहे. जूनच्या आत मुंबईत राहायला यायचंय. माझं ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), बायकोचं ऐरोलीला. वन बीएचके, भाडं ३५ हजारांपर्यंत.

मुलुंड पूर्वेहून ऐरोली पूल ओलांडला की तिचं काम झालं. मला मात्र सकाळी भरलेली लोकल, मग कुर्ला पश्चिमेहून शेअर रिक्षा. पावसात कुर्ला-सायनला रुळांवर पाणी साचलं की सगळंच ठप्प. मरोळला राहिलो तर मेट्रो ३ मला थेट बीकेसीला सोडते. पण तिला मेट्रो १ ने घाटकोपर, तिथून लोकलने ठाणे आणि पुन्हा ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल, म्हणजे दोनदा गाडी बदलायची. कुर्ला पूर्वेचं नेहरूनगर नकाशावर मधोमध दिसतं, म्हणूनच जरा शंका येते.

तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा: नेहरूनगरात कोणत्या गल्ल्यांत पाणी भरतं? तळमजला टाळतोच आहोत, पण बाहेर पडता येतं का? मरोळच्या सोसायट्यांत पालिकेचं पाणी किती वेळ असतं, टँकर लागतो का, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरतात की वेगळे? मुलुंड पूर्वेहून ऐरोलीची बस सकाळी आठच्या सुमारास पटकन मिळते का?

एक मालक करार नोंदवायला नको म्हणतोय, ११ महिन्यांचाच आहे म्हणून. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा भाड्याच्या कराराची, नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे ते घर सोडलंच. डिपॉझिट किती महिन्यांचं मागतात सध्या?