उमेदवार अंगावर आला, प्रश्न तसाच राहिला. पुढच्या परिषदेला जाऊ की नको?

किनाऱ्यावरचा_वार्ताहर

मी देवगड-मालवण पट्ट्यात एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी आहे. मानधन नावापुरतं, पोट जाहिरातीच्या कमिशनवर. जोडीला स्वतःचं यूट्यूब चॅनेल आहे, त्याचा बूम, म्हणजे चॅनेलचं नाव लावलेला माईक, घरीच बनवलाय.

परवा एका उमेदवाराची पत्रकार परिषद झाली. आचारसंहितेत शासकीय विश्रामगृह मिळत नाही, म्हणून हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. उमेदवार कोण, पक्ष कुठला ते विचारू नका, मला इथेच राहायचंय. साहेब बराच वेळ पारंपरिक मच्छीमारांवर बोलले. पर्ससीनवाल्यांची (मोठ्या जाळ्याने मासळीचा अख्खा थवा वेढणारे) गय करणार नाही, एलईडीवाल्यांच्या (रात्री दिव्यांच्या उजेडाने मासळी खेचणारे) बोटी जप्त करायला लावीन, वगैरे. मी त्यांचं मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या साइटवरून उतरवून प्रिंट नेली होती. त्या प्रतिज्ञापत्राच्या नमुना २६ मध्ये मोटारी, विमानं, जहाजं असा एक रकाना असतो. त्यात पत्नीच्या नावावर एक यांत्रिक नौका होती, नोंदणी क्रमांकासकट. मी विचारलं, "साहेब, ही नौका पर्ससीनची की ट्रॉलर?" ट्रॉलर म्हणजे जाळं मागे ओढत नेणारी बोट.

तोवर साहेब पुस्तकी मराठीत होते. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मालवणीत आले. "तू कोणाचो रे? ह्या विचारूक तुका कोणी सांगल्यान?" मी पेपरचं नाव सांगितलं. "घरातल्या बायकांपर्यंत जातंस? थांब, तुझ्या मालकाक फोन लावतंय." मागे भिंतीला टेकलेली पोरं पुढे सरकली. एकाने माझा बूम टेबलावरून उचलला आणि वायरीसकट माझ्या मांडीवर ठेवला. अगदी हळू ठेवला हो, आपटला वगैरे नाही. हॉलमध्ये कोणी काही बोलेना. मग पुढच्या रांगेतल्या आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने घसा साफ केला आणि विचारलं, "साहेब, प्रचाराला प्रतिसाद कसा आहे?"

प्रतिसाद उत्तम आहे असं समजलं.

संध्याकाळपर्यंत क्लिप सगळ्या ग्रुपवर. 'भर पत्रकार परिषदेत उमेदवार भडकले'. माझ्या चॅनेलला इतके व्ह्यू कधीच आले नव्हते. कमेंटमध्ये अर्धे म्हणतात मी विरोधकांचं पाकीट घेतलं, अर्धे म्हणतात शाब्बास रे वाघा. नौकेबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. वर ऑफिसातून फोन, पानभर जाहिरात अडकली, तू बघ कशी सोडवायची ती.

गुरुवारी त्यांची परत परिषद आहे. जाऊ का? गेलो तर तोच प्रश्न विचारू का? आणि माझ्याकडे अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र, नाही. उद्या कोणी हात उचलला तर कायद्यात मी पत्रकार धरला जातो का?

—

जुना_वार्ताहर (रत्नागिरी)

अरे बाबा, जा. न गेलास तर तू भांडायलाच आला होतास हे सिद्ध झालं असं म्हणतील.

तुझा प्रश्न चांगला होता. आखूड होता, कागदावरचा होता, आणि त्याला 'हो-नाही'ची पळवाट नव्हती. हल्ली पोरं आधी तीन मिनिटं भाषण करतात, मग उमेदवार त्या भाषणातलं सोयीचं वाक्य धरून बसतो. तू तसं केलं नाहीस. मला राग आहे तो पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थांचा. उमेदवाराने तुला दरडावलं यात विशेष काही नाही, तो त्याच्या कामाला आला होता. पण 'प्रतिसाद कसा आहे' या तीन शब्दांनी त्याची सुटका केली. मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांचं पोंभुर्ले तुमच्याच देवगड तालुक्यातलं. ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, बाळशास्त्रींच्या प्रतिमेला हार घालायला हेच गृहस्थ सगळ्यांच्या पुढे असतील, लिहून ठेव.

आमच्याकडे एक रीत होती. परिषदेआधी टपरीवर चहा घेताना ठरायचं की कोणाचाही प्रश्न टाळला गेला, तर पुढच्याने आपला प्रश्न खिशात ठेवायचा आणि तोच परत विचारायचा. शब्द बदलून नाही, तेच शब्द. तिसऱ्यांदा विचारला की पुढारी एकतर उत्तर द्यायचा नाहीतर उठायचा, आणि उठला तर बातमीत प्रश्नासकट छापून यायचं. आमचे सगळे साधुसंत होते असं समजू नकोस. पाकिटं तेव्हाही होती, आत कमी असायचं एवढंच. पण एकट्याला उघडा पाडायचा नाही हे पाकीट घेणारेसुद्धा पाळायचे. गुरुवारच्या आत दोन माणसं गाठ. दोन पुरतात.

आता कायद्याचं. महाराष्ट्राचा पत्रकार संरक्षण कायदा २०१७ साली विधिमंडळात मंजूर झाला, राष्ट्रपतींची मंजुरी यायला २०१९ उजाडलं. त्यात हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. अधिस्वीकृतीचं कार्ड त्याला लागत नाही, कंत्राटी माणूसही त्यात येतो. पण तू त्या दैनिकाचा आहेस हे दाखवणारं काहीतरी लेखी हवं. तुझ्याकडे नेमणुकीचं पत्र आहे का? तुला दरडावलं, बूम मांडीवर ठेवला, यावर हा कायदा फारसा कामाचा नाही. त्याला मारहाण, धोका किंवा नुकसान लागतं.

आणखी एक, आणि हे हलक्यात घेऊ नकोस. आपल्याकडे धोका हॉलमध्ये नसतो, तिथे कॅमेरे असतात. राजापुरात ६ फेब्रुवारी २०२३ ला पत्रकार शशिकांत वारिसे दुचाकीवर होते, महामार्गालगत गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. तिथल्या प्रस्तावित तेल रिफायनरीवर ते लिहीत होते, आणि त्याच दिवशी त्यांची बातमी छापून आली होती. परिषद संपली की एकटा निघू नकोस, आणि कुठे चाललायस ते घरी सांगून ठेव.

—

कचेरीतला_माणूस

मी टेबलाच्या पलीकडचा आहे. दोन निवडणुकांत उमेदवारांची प्रसिद्धी सांभाळली, म्हणून नाव लपवून लिहितो. इथल्यांना आवडणार नाही, पण ऐका.

पहिलं म्हणजे उमेदवारही माणूस असतो. पहाटेपासून वाड्या फिरून, प्रत्येक घरी अर्धा कप चहा पिऊन, घसा बसलेला. त्यात बूम नाकाला लावून कोणीतरी पोरगा विचारतो, 'तुम्ही चोर आहात असं लोक म्हणतात, काय सांगाल?' असल्यांना झापलं तर मला वाईट वाटत नाही. मूळ लेखकाचा प्रश्न तसा नव्हता हे मान्य.

दुसरं म्हणजे रागावणं बऱ्याचदा खरं नसतं. अडचणीचा कागद समोर आला की 'कोणी पाठवलं' विचारायचं, हे आधीच ठरलेलं असतं. चर्चा कागदावरून माणसावर येते. घरातल्या बाईचं नाव निघालं तर आमच्यासाठी सोन्याहून पिवळं. संध्याकाळी आमचीच पोरं क्लिप फिरवतात, 'साहेबांनी पत्रकाराला सुनावलं' म्हणून. तुम्हाला वाटतं तुमची क्लिप व्हायरल झाली.

आणि भज्यांवर लक्ष ठेवा. प्लेटा कधी आत सोडायच्या ते मी ठरवायचो. वातावरण तापलं की दाराकडे बघायचं, वेटर आत येतो, खुर्च्या सरकतात, संपली परिषद. त्या भज्यांचा आणि हॉलचा खर्चसुद्धा जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे उमेदवाराच्या हिशेबात लागतो, तेव्हा खाताना संकोच नको.

माझा सल्ला मागाल तर प्रश्न आदल्या दिवशी कचेरीत लेखी द्या आणि पोच घ्या. मग 'कोणी पाठवलं' म्हणायची सोय राहत नाही, आणि 'उत्तर मागितलं, मिळालं नाही' एवढं तुम्हाला निर्धास्त छापता येतं.

—

गिरगाव_ते_गुहागर

मुंबईत डेस्कवर आहे, गावाला फक्त गणपती-शिमग्याला. जुन्या_वार्ताहरांचं म्हणणं बाहेरही खरं ठरलेलं आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात ट्रम्प उमेदवार असताना टीव्ही पत्रकार होर्हे रामोस यांना परिषदेतून बाहेर काढलं. पाळी नसताना ते उभे राहिले होते, हेही खरं. पण उरलेल्यांपैकी काहींनी ट्रम्प यांना लगेच त्याबद्दल विचारलं, आणि थोड्या वेळाने रामोस परत आत आले. इमिग्रेशनवरचे प्रश्न त्यांनी मग समोरासमोर विचारले. उलट नोव्हेंबर २०१८ ला व्हाइट हाउसमध्ये सीएनएनचे जिम अकोस्टा यांच्या हातातला माईक घ्यायचा प्रयत्न झाला, पास काढून घेतला, सीएनएन कोर्टात गेलं, पास परत मिळाला. कोर्टात जिंकले. मूळ प्रश्न काय होता ते आज किती जणांना आठवतं?

अमेरिकेतल्याच मोंटाना राज्याचं तर विचारूच नका. मे २०१७, मतदानाच्या आदल्या दिवशी उमेदवार ग्रेग जियानफोर्टे यांनी गार्डियनच्या बेन जेकब्ज यांना जमिनीवर आपटलं. प्रश्न होता आरोग्य विमा विधेयकाचा. दुसऱ्या दिवशी उमेदवार निवडून आला. नंतर गुन्हा कबूल करावा लागला. जेकब्ज यांचा रेकॉर्डर चालू होता. तेव्हा बूम उचलला तर उचलू दे, खिशातला मोबाईल चालू ठेव.

आपल्याकडे पक्ष बघून फरक पडतो असं मला वाटत नाही. मे २०१९ ला पंतप्रधान पक्षाच्या परिषदेत बसले आणि प्रश्न अमित शहांकडे वळवले. मार्च २०२३ ला राहुल गांधींनी एका पत्रकाराला छातीवर भाजपचा बिल्ला लावून या, असं सुनावलं. एकाने टाळलं, दुसऱ्याने शिक्का मारला. उत्तर दोन्हीकडे मिळालं नाही.

—

रापणकार

तुमचा भांडाण आम्ही घराघरात बघितला. पण बोट पर्ससीनची काय ट्रॉलर, ता खंयच नाय!

पत्रकार भाऊ, प्रश्न थोडा सुधारून घ्या. तुम्ही 'पर्ससीन की ट्रॉलर' विचारलंत, तर ते परवाना दाखवतील आणि सुटतील. आम्हा पारंपरिक मच्छीमारांची तक्रारच ही आहे की परवाना ट्रॉलरचा आणि बोटीवर जाळं पर्ससीनचं. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा दिली. एलईडीवर तर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. तरी रात्री किनाऱ्यावरून बघा, समुद्रात जत्रा भरल्यासारखा उजेड. म्हणून दोन गोष्टी विचारा. परवाना कसला आहे, आणि जानेवारीपासून बोट कसलं जाळं घेऊन बाहेर पडते. नोंदणी क्रमांक तुमच्याकडे आहेच. सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयात त्यावरून परवाना निघतो. माहिती अधिकाराच्या नादाला लागू नका, तीस दिवसांत निवडणूक आटपेल. खिडकीवर जाऊन तोंडी विचारा, आमच्या सोसायटीचा माणूस सोबत देतो.

—

किनाऱ्यावरचा_वार्ताहर

सगळ्यांचे आभार. रापणकार, तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकलाय, उद्या सकाळी जाऊया.

कुडाळचा एक आणि कणकवलीची एक पत्रकार तयार झालेत, दोघंही तोच प्रश्न विचारतील. ज्येष्ठांनाही फोन केला. ते म्हणाले, "मी वातावरण निवळावं म्हणून विचारलं रे." बरं म्हटलं. प्रश्न लेखी द्यायचं मात्र मला पटत नाही. आदल्या दिवशी दिला की रातोरात बोटीवरचं जाळं बदलेल. परवाना हातात आल्यावर, परिषदेच्या सकाळी देईन.

काका, नेमणुकीचं पत्र नाहीये. आज ऑफिसला मागितलं तर म्हणाले, निवडणूक होऊ दे, मग बघू.

—

जुना_वार्ताहर (रत्नागिरी)

फोनवर मागू नकोस, ईमेलने माग. उत्तर आलं नाही तरी मागितल्याची तारीख राहते. आणि तुझ्या नावाने छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं, मानधनाच्या बँकेतल्या नोंदी एका फायलीत लाव. ती फाईल ऑफिसात नको, घरी ठेव.