सूज उतरणे आणि गाठ आटणे
प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केल्यावर दोन दिवसांत आपली कुत्री पुन्हा नीट चालू लागली, म्हणजे मेंदूतली गाठ विरघळली असावी, हा अंदाज मला घाईचा वाटतो. मेनिंजिओमासारख्या (मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या) गाठीभोवती मेंदूला सूज येते आणि स्टेरॉइडने प्रामुख्याने तीच उतरते, त्यामुळे गोल गोल फिरणे, भिंतीला डोके टेकून उभे राहणे ही लक्षणे झपाट्याने कमी होऊ शकतात. गाठ मात्र आटली की नाही, हे पुन्हा एमआरआय केल्याशिवाय कळत नाही. रेडिएशनचा (किरणोपचाराचा) विचार करायचा असेल तर तो याच बऱ्या दिवसांत करावा. वाढलेली तहान, भूक व लघवी हा औषधाचा परिणाम आहे (पाण्याचे भांडे मुळीच उचलू नये). बरी दिसते म्हणून गोळ्या एकदम बंद करू नयेत, आणि सांधेदुखीसाठी घरात ठेवलेले मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक प्रेडनिसोलोनबरोबर अजिबात देऊ नये.